क्रोशाचा नमुना अमेरिकन की ब्रिटिश, एवढं तरी लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लेकीच्या बाळासाठी क्रोशाचं दुपटं करायला घेतलं. नमुना इंटरनेटवर मिळाला, फुकट आणि फोटोसकट. मंगळ बाजारातून लोकर आणली, ४ मिलिमीटरची सुई घरात होतीच. २० ओळी झाल्या तरी काम वर सरकेना. मध्ये वीण दबलेली आणि दोन्ही कडांना साखळ्यांचे कान उभे. तीनदा उसवलं. लोकरीचा पार चोथा झाला.

मी क्रोशा शिकले सासूबाईंकडून. बडोद्यातल्या मराठी घरांत तेव्हा रुखवतात क्रोशाचा रुमाल असायचाच. त्यांच्याकडच्या पुस्तिका ब्रिटिश पद्धतीच्या. त्यात ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला मुका खांब, तो बुटका टाका. अमेरिकन नमुन्यात मात्र हेच नाव पूर्ण खांबाचं, म्हणजे उंच टाक्याचं! मी २० ओळी मुके खांब घालत बसले होते. ओळ वळवताना ३ साखळ्या सांगितल्या होत्या, तिथेच मला कळायला हवं होतं. ३ साखळ्या लागतात पूर्ण खांबाच्या उंचीला. मुक्या खांबाला एक पुरते. उरलेल्या दोनांचे ते कान.

मैत्रिणींनो, नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ दिसलं की तो अमेरिकन समजा. हल्लीच्या ब्रिटिश पद्धतीत या नावाचा टाकाच नाही.

आता विनंती. आपल्याकडच्या कितीतरी जणी हल्ली व्हिडिओतून क्रोशा शिकवतात, हात फार सुरेख असतो त्यांचा. त्यांनी साखळी, मुका खांब, खांब असे आपले शब्द वापरावेत. सुई मिलिमीटरमध्ये सांगावी. ‘जी’, ‘एच’ ही अमेरिकन अक्षरं आपल्याकडच्या सुयांवर नसतात. १० सेंटिमीटरमध्ये किती खांब बसतात तेही सांगावं, म्हणजे आपला हात सैल की घट्ट हे आधीच कळतं.

आणि आपल्या पुरवणीत नमुना छापाल तेव्हा सोबत चिन्हांची आकृती द्याच. साखळीला लंबगोल, मुक्या खांबाला फुली, खांबाला आडवी तिरकी रेघ मारलेला ‘टी’. जपानी नमुने असेच असतात. जपानी एक अक्षर न येता मी त्यावरून टेबलाचा रुमाल विणला आहे. आकृती जरा मोठी छापावी, साठीनंतर बारीक फुल्या मोजता येत नाहीत.

आपली,
एक वाचक भगिनी
दांडिया बाजार, वडोदरा