सव्वा मूठ

शहादा

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "कॉलेजातले सर गेले म्हणून कुणी इतकं रडतं का?" तेव्हा बोलवेना, म्हणून लिहितेय. लिहिण्याची सवयही त्यांनीच लावली. पाहिलेलं त्याच रात्री वहीत उतरवा, सकाळपर्यंत डोकं त्यात मीठमसाला घालतं, असं म्हणायचे.

मी पुण्याला मानवशास्त्र शिकायला गेले, तेव्हा इकडे सगळ्यांना वाटलं पोरगी डॉक्टरकी करतेय. माझ्या वडिलांनीही तो समज बरेच दिवस मोडला नाही!

पहिल्याच तासाला सरांनी कपाटातून कॅलिपर काढला, सगळ्यांसमोर स्वतःचं नाक मोजलं, आकडा फळ्यावर लिहिला आणि म्हणाले, "आता सांगा माझी जात." वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त रिस्लीसाहेब नाकाच्या मापांवरून जातींची उतरंड लावायला निघाले होते, हे त्यांनी त्यानंतर सांगितलं.

होळीच्या आधी, भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत, त्यांनी आम्हाला धडगावकडे नेलं. पावरा लोकांची घरं आपल्या गावासारखी भिंतीला भिंत लावून नसतात. ज्याचं शेत तिथे त्याचं घर, शेजाऱ्याकडे जायचं तर टेकडी उतरून चढायची. सरांची अट एकच, पहिल्या दिवशी प्रश्न विचारायचा नाही. मी एका अंगणात मक्याची कणसं सोलत बसले, अंगठ्याची साल निघाली. रात्री आमच्यातला एक जण देजाबद्दल बोलला, "म्हणजे हे लोक मुली विकतातच की." सर म्हणाले, "नवऱ्याकडच्यांनी मुलीच्या बापाला पैसे दिले तर ती विक्री. तुझ्या बहिणीच्या लग्नात तुझ्या बापाने मोजले, त्याला काय म्हणू?" पुढे कुणी बोललं नाही.

लग्न होऊन मी इथे आले, तरी सातपुड्यात जाता-येता सर आपल्याकडे उतरायचे. एकदा ऐन कानबाईच्या सणात आले. ओसरीवर आजी सुपात गहू घेऊन बसली होती. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि रोटासाठी, देवीच्या नैवेद्यासाठी, सव्वा मूठ टाकायची. सर बराच वेळ नुसते पाहत होते. मुठी संपल्यावर म्हणाले, "आणि तुमच्या नावाची?"

"मनी मूठ कसाले मास्तर? मी ते परघरनी."

सरांनी वाद घातला नाही. माझ्याकडून कागद मागितला आणि वंशावळ मांडायला घेतली. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ. १८९८ साली रिव्हर्स नावाचा इंग्रज टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर गेला होता, तिथे त्याने अशा वंशावळी गोळा करायला सुरुवात केली. त्रिकोण भराभर झाले, आपल्या भाटाच्या वहीत ते होतेच. वर्तुळं मात्र त्या वहीत नव्हती, ती आजीकडे होती. सासू, आजेसासू, तिची आई, कोण कुठल्या गावची, कुणाला कुठे दिली, कोण बाळंतपणात गेली. सर मध्येच खोडकरपणे विचारत, "मामाची पोरगी चालते, मग आत्याची का नाही?" इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ च्या त्यांच्या ग्रंथात याच गाठी सोडवल्यात: उत्तरेत मामाची मुलगी वर्ज्य, आपल्याकडे चालते. आजीने तो ग्रंथ पाहिलेला नव्हता, पण तिचं उत्तर तयार. कागद संपला, मग पप्पांनी कॅलेंडरचं मागचं पान दिलं. पुरणाची पोळी निवत होती, पण आजी उठेना. तिला हे सगळं आजवर कुणी विचारलंच नव्हतं गं.

पुढच्या श्रावणात तू पाळण्यात होतीस. पुरुषांच्या मुठी झाल्यावर आजीने तुझं नाव घेतलं आणि सव्वा मूठ टाकली. मोठे काका म्हणाले, "हे कधीपासून?" आजी म्हणाली, "आजपाइन." भाऊबंदांत थोडी कुरबुर झाली. स्वतःची मूठ मात्र तिने शेवटपर्यंत घेतली नाही, मी कितीदा म्हटलं तरी. सरांना हे सगळं कळवलं. मला वाटलं, खूश होतील. त्यांचं उलट टपाली कार्ड आलं, त्यात एवढंच: "काका रोट जेवले का?"

जेवले होते.

सरांच्या घरचे आता त्यांचे कागद लावतायत. वंशावळीची झेरॉक्स मी पाठवली, मूळ आपल्याकडेच आहे. कॅलेंडरच्या पानावर तुझं वर्तुळ मी नंतर काढलंय, पेन्सिलने, जरा वाकडं.

यंदाही नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसेल. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघशील तर मुठी होऊन जातील, म्हणून शुक्रवारीच निघ. काकूला गंगाफळ सांगून ठेवलंय.

तुझी,
आई