अपघातानंतरच्या दमदाटीबाबत सूचना

सर्व ट्रॅक्टर व मालवाहू वाहनचालक सदस्यांना कळविण्यात येते की, हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेताना आपल्या एका सदस्याच्या ट्रॉलीचा दुचाकीला निसटता धक्का लागला आणि कोणालाही खरचटले नसताना जमावाने काठ्या घेऊन त्यांना घेरले, किल्ली हिसकावली व जागेवरच पैसे मागितले. याविषयी येत्या रविवारी सकाळी १० वाजता ग्रामपंचायत सभागृहात बैठक आहे. चालकांनी स्वतः यावे. घरच्या कोणाला पाठवून भागणार नाही.

तोपर्यंत पुढील गोष्टी पाळाव्यात :

- जमाव अंगावर आल्यास वाद न घालता ११२ वर फोन करावा.
- जखमीला उपचार मिळवून देणे चालकाचे कर्तव्यच आहे. जमावाच्या रोषामुळे ते अशक्य झाल्यास मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ ती अडचण मान्य करते, मात्र पोलीस ठाण्यात २४ तासांच्या आत माहिती द्यावीच लागते.
- रस्त्यावर रोख तडजोड करू नये.

– सचिव