डिकीत डबा ठेवण्याआधी

वर्तकनगर, ठाणे
१९ ऑगस्ट

प्रिय गिऱ्या,

सप्रेम नमस्कार.

गाडीच्या साउंड सिस्टिमचं तू पाठवलेलं कोटेशन पाहिलं. अठ्ठेचाळीस हजार! गाडी २०१४ची स्विफ्ट, तीही सेकंडहँड, आणि त्या दुकानदाराने दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन, चार चॅनेलचा ॲम्प (स्पीकरना ताकद देणारा), डिकीत बारा इंची सबवूफरचा (म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा) डबा आणि वर ‘फुल वायरिंग’ असं सगळं एका दमात लावून टाकलंय. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मध्येच “हां हां, कळलं” म्हणतोस आणि तुला काही कळलेलं नसतं, हे कॉलेजपासून बघत आलोय. म्हणून लिहितोय. ॲडव्हान्स देण्याआधी वाच.

मला सांग, तुझ्या गाडीत गाणी वाजतात कधी? नेरुळहून निघालास की ठाणे-बेलापूर रस्ता, विटावा, कळव्याचा पूल आणि मग घोडबंदर रोडने कासारवडवलीपर्यंत. इंजिन चालू, एसी चालू, शेजारी ट्रेलर, खाली खड्डे. टायर आणि रस्ता मिळून जो घुमारा करतात तो बहुतेक खालच्या पट्टीतला असतो, आणि गाण्यातली तीच पट्टी तो गिळून टाकतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भरदार वाटणारी सिस्टिम रबाळे ओलांडेपर्यंत चिरकी होते ती त्यामुळे. मग माणूस बेस, म्हणजे खालचे स्वर, वाढवतो, दार खडखडतं, आवाज फाटतो आणि डोक्यात येतं की सबवूफर हवा. सबवूफर वाईट नाही रे. पण तो पहिला घ्यायचा नसतो. पहिले पैसे दारात घालायचे.

घरच्या स्पीकरला लाकडी खोकं असतं. गाडीतल्या स्पीकरचं खोकं म्हणजे दार. आणि आपल्या छोट्या गाड्यांचं दार कसं असतं ते आतलं पॅड उघडल्यावर बघ: बाहेर पातळ पत्रा, आत दुसरा पत्रा, त्याला काचेची मोटर आणि लॉक काढता यावं म्हणून हाताएवढी भोकं, आणि त्यावर चिकटवलेला एक प्लॅस्टिकचा कागद. रिकाम्या तेलाच्या डब्याला स्पीकर लावावा तसला प्रकार. स्पीकरचा कोन पुढे जातो तेव्हा पुढे हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागे ती विरळ होते. मागची ही उलटी लाट दाराच्या भोकांमधून बाहेर येते, पुढच्या लाटेला भेटते आणि दोन्ही एकमेकींना मारतात. हे सगळ्यात जास्त खालच्या स्वरांचं होतं, कारण त्यांच्या लाटा लांबलचक. ६० हर्ट्झच्या स्वराची लाट साडेपाच मीटरहून मोठी, आणि तुझी अख्खी गाडी ३.८५ मीटरची! म्हणजे बेस तयार होतो, पण दारातल्या दारातच संपतो. वर ॲम्प लावून काय होणार? पुढची लाट मोठी, मागची लाटही तेवढीच मोठी.

उपाय साधा आहे आणि त्यात मिरवण्यासारखं काही नाही, म्हणून दुकानदार तो शेवटी सांगतात किंवा सांगतच नाहीत. ब्युटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियम फॉइल असलेली शीट मिळते. बाहेरच्या पत्र्यावर आतून तिचे तुकडे लावायचे. सगळा पत्रा मढवायची गरज नसते, मधला मोकळा भाग धरून पाव हिस्सा झाकला तरी त्याची थरथर बरीच बसते. बोटाने टकटक करून बघ: आधी ‘टण्ण’ येतं, नंतर ‘थप्प’. खरा फरक मात्र आतला पत्रा बंद केल्यावर पडतो. ती मोठी भोकं शीटने नीट बुजवायची, म्हणजे मागची लाट दारात कोंडून राहते. आमच्या मेव्हण्याच्या गाडीत कंपनीचेच जुने स्पीकर ठेवून नुसतं एवढं केलं, तर त्याने विचारलं, “स्पीकर कुठले टाकलेस?”

स्वस्त म्हणून डांबराची शीट गळ्यात मारतील, ती नको. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा तापला की ती मऊ पडते, ओघळते आणि महिनाभर गाडीला रस्त्याच्या कामाचा वास येतो. तो वास घोडबंदरला तुला फुकट मिळतोच.

आणि हे पावसाचं नीट वाच, कारण इथले फिटरही यात घाई करतात. काचेच्या बीडिंगमधून, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीतून, पाणी दारात उतरणारच. गाडीची रचनाच तशी आहे. ते दाराच्या तळाशी असलेल्या छोट्या भोकांतून खाली निघून जातं. त्या भोकांवर शीट चिकटली की दारात पाणी साचणार, आणि मग गंज. आपल्याकडे जून ते सप्टेंबर जे कोसळतं त्यात एक मोसमही पुरे. काम झाल्यावर फिटरसमोरच काचेवर बाटलीभर पाणी ओत आणि ते खालून गळतंय का बघ. तसंच स्पीकर आणि दार यांच्यामधली रिंग. एमडीएफची रिंग छान दिसते आणि पहिल्या पावसात फुगते. प्लॅस्टिकची घे, किंवा मरीन प्लायची रंग मारून.

आता स्पीकर. तुझ्या स्विफ्टच्या दारात साडेसहा इंची बसतात. पैसे पुढच्या जोडीवर खर्च कर. मागचे दोन आहेत तसेच राहू देत. ऐकणारा तू, पुढे बसतोस, आणि मागे काका-काकू असले की त्यांना आवाज कमीच हवा असतो. पुढे कोॲक्सियल की कंपोनंट? कोॲक्सियलमध्ये ट्विटर (वरचे बारीक स्वर वाजवणारा छोटा स्पीकर) वूफरच्या, म्हणजे मोठ्या स्पीकरच्या, मध्यावरच बसवलेला असतो, म्हणजे तो तुझ्या पोटरीशी गप्पा मारतो. कंपोनंटमध्ये ट्विटर वेगळा, वर आरशाच्या कोपऱ्यात लावता येतो, त्यामुळे गाणं पायाशी न वाजता डॅशबोर्डवर उभं राहतं. माझं मत कंपोनंट. पण बजेट अडलं तर चांगला कोॲक्सियल आणि नीट डॅम्पिंग (दारातलं ते शीटचं काम) हे दोन्ही मिळून, नुसत्या महाग कंपोनंटपेक्षा सरस वाजतात. पॅकिंगच्या खोक्यावर सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे दिलेल्या ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो त्याचा, आकडा डेसिबलमध्ये लिहिलेला असतो, तो बघ. तीन डेसिबल जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. जेबीएल, इन्फिनिटी, पायोनियर, सोनी यांतलं काहीही घे, तिथे मी भांडणार नाही. (जेबीएल आणि इन्फिनिटी दोन्ही हरमनचेच, आणि हरमन २०१७पासून सॅमसंगची. त्यामुळे काउंटरवर त्या दोघांवरून वाद घालणाऱ्यांची मजा वाटते.) फक्त मॅग्नेटची खोली मोजून घे आणि काच पूर्ण खाली करून बघ. मॅग्नेट मोठा असला की काच त्याला अडते.

दुकानातल्या डेमो बोर्डावर विश्वास ठेवू नकोस. तिथे स्पीकर जाड प्लायमध्ये घट्ट कसलेले असतात. तसं दार तुझ्याकडे नाही. आणि त्यांचं ते धमधम ट्रॅक ऐकून ठरवू नकोस. स्वतःच्या पेनड्राइव्हवर तुला तोंडपाठ असलेलं काहीतरी ने. बाईचा एकटा आवाज असलेलं एखादं भावगीत, आणि तबल्यावरचं काही. ‘स’ आणि ‘श’ कानात टोचले तर ट्विटर भडक आहे. डग्गा घुमला पाहिजे, पण त्याची मींड ऐकू आली पाहिजे. प्रत्येक ठोका एकाच सुरात ‘बूम’ वाजला तर तो स्पीकर नाही, दार वाजतंय.

वॅटचं तुला सांगायलाच हवं, कारण तू स्टिरिओवर लिहिलेल्या ‘५० वॉट × ४’ला भुललेला दिसतोस. स्टिरिओच्या आतला छोटा ॲम्प थेट गाडीच्या विजेवर चालतो. इंजिन चालू असताना ती फार तर १४.४ व्होल्ट. स्पीकर चार ओहमचा. १४.४चा वर्ग केला की साधारण २०७, त्याला चारने भाग: ५२. हेच ते पन्नास वॅट! पण हा आकडा कधी मिळतो, तर आवाज पुरता फाटून लाट चौकोनी झाल्यावर. स्वच्छ आवाजात त्याच्या निम्मे, आणि नुकसान धरलं की अठरा-वीस हातात येतात. खात्री करायची तर स्टिरिओच्या मागचा फ्यूज बघ, बहुतेकांना १० अँपिअरचा असतो. १४.४ गुणिले १० म्हणजे १४४ वॅट आत जातात, त्यातले बरेच उष्णतेत संपतात. मग बाहेर दोनशे कुठून येणार? यात फसवणूक झाली असं समजू नकोस, खोक्यावर बारीक अक्षरात खरा आरएमएस (सलग मिळणाऱ्या ताकदीचा) आकडा बहुधा छापलेला असतो. आणि अठरा वॅट कमी नाहीत. ताकद दुप्पट केली की तीनच डेसिबल वाढतात, जेमतेम जाणवतील एवढे. कानाला आवाज दुप्पट वाटायला दहापट ताकद लागते.

स्क्रीनबद्दल माझं मन साफ नाही, सरळ सांगतो. नकाशा मोठा दिसतो हे खरं, आणि अँड्रॉइड ऑटो असेल तर फोन हातात घ्यावा लागत नाही, हेही. पण स्वस्तातल्या बिननावाच्या स्क्रीन सुरू व्हायलाच वेळ घेतात, उन्हात दिसत नाहीत आणि त्यांचा रेडिओ रडका असतो. काकांना गाडीत आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लागते ना? ती मीडियम वेव्हवर, म्हणजे एएमवर, ५५८ किलोहर्ट्झला. या स्क्रीनवर एफएम येईल, पण एएमवर नुसती खरखर. घ्यायचाच तर नावाजलेल्या कंपनीचा, छोट्या पडद्याचा घे, आणि दुकानातच एएम लावून दाखवायला सांग. तुझ्या मॉडेलला कंपनीचा स्टिरिओ वेगळ्याच आकाराच्या पॅनेलमध्ये येतो, त्यामुळे वेगळी फ्रेम लागेल. ती गाडीच्या प्लॅस्टिकच्या रंगाशी जुळते का, ते दिवसाच्या उजेडात बघ. सध्याचा स्टिरिओ ब्लूटूथ देत असेल तर मी तो वर्षभर बदलणार नाही.

वायर कापू द्यायची नाही. एकही नाही. कपलर मिळतो, कंपनीच्या सॉकेटला तसाच लागतो, आणि उद्या गाडी विकताना सगळं पूर्ववत करता येतं. फिटर “कापून जोडलं की पक्कं” म्हणेल. ते पक्कं काळी टेप सुटेपर्यंत. पुढे कधी ॲम्प लावलास तर बॅटरीवरून येणाऱ्या वायरला बॅटरीपासून फूट-दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. वायर कुठे घासली तर तिथून बॅटरीची सगळी ताकद पत्र्यात उतरते, आणि गाड्या पेटतात त्या अशा. तांब्याची वायर माग. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तेवढीच जाड दिसते, वीज कमी वाहते. आणि पॉवरची वायर एका बाजूने, सिग्नलची दुसऱ्या बाजूने न्यायची, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की गाण्यात शिट्टी ऐकू येते.

आता तो डिकीतला डबा. स्विफ्टची डिकी २०४ लिटरची. बारा इंची डबा ठेवल्यावर उरतं काय? पुढच्या महिन्यात गणपतीला देवगडला जाणार आहात. बॅगा, मखर, काकूंचे डबे कुठे, टपावर? सबवूफर हवाच वाटला तर सीटखाली बसणारा आठ इंची, आतच ॲम्प असलेला घे. एवढ्याशा केबिनला तो पुरतो, कारण छोट्या बंद जागेत खालचे स्वर आपसूक वर येतात. पण तोही दिवाळीनंतर, आधी दारं ऐक.

सगळं बसल्यावर सेटिंगमध्ये जाऊन दोन गोष्टी कर. हाय पास फिल्टर (ठरावीक आकड्याखालचे स्वर स्पीकरकडे जाऊ न देणारा) ८० हर्ट्झला लाव. सगळ्यात खालचे स्वर ओढायची धडपड थांबली की तेच स्पीकर मोकळे गातात. “मग बेस गेला ना!” असं तू म्हणशील. सबवूफर येईपर्यंत ६० ठेव, चालेल. आणि टाइम अलाइनमेंट, म्हणजे जवळच्या स्पीकरला थोडा उशीर द्यायची सोय, असेल तर वापर. तू उजवीकडे बसतोस, उजवा स्पीकर जवळ, डावा अर्धा-पाऊण मीटर लांब. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणून उजव्याला दीड-दोन मिलिसेकंद उशीर दिला की गायिका उजव्या दारातून उठून समोर येऊन बसते. जुन्या मोनो रेकॉर्डिंगवर हे लगेच कळतं.

माझा हिशेब असा: पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग चार हजारांच्या आसपास, कंपोनंट आठ-दहा, रिंग, कपलर आणि मजुरी मिळून दीड-दोन. सोळा हजारांच्या आत. उरलेल्या बत्तीसमध्ये आधी टायर बदल. तुझे टायर मी पाहिलेत, रस्त्याचा निम्मा गोंगाट तेच करतात.

रविवारी नऊच्या आत गाडी घेऊन ये. वागळे इस्टेटमध्ये एक फिटर आहे, शांतपणे काम करतो, आपण शेजारी उभे राहिलो तर चिडत नाही. दोन दारांना अर्धा दिवस जातो. घाई असेल तर येऊच नकोस. दुपारी जेवायला आमच्याकडेच, आईने तुझ्यासाठी अळूवड्या करायचं ठरवून टाकलंय. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद

ता.क. स्टिरिओ, ॲम्प असलं काही लावलंस तर बिल जपून ठेव आणि विमा कंपनीला कळव. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज पॉलिसीत वेगळ्या दाखवाव्या लागतात. त्यांच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जास्त हप्ता बसतो. विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरतं तेव्हा तू तिथूनच जातोस, म्हणून सांगितलं.