गावच्या उत्सवाला गावची सुट्टी मिळावी

महोदय,

पुढील वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी तयार करताना गोवा सरकारने एका गोष्टीचा गांभीर्याने विचार करावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे. ज्या गावात जत्रा किंवा फेस्त (चर्चचा सण) असते, त्या गावाला त्या दिवशी सुट्टी असावी आणि ती निवडण्याचा अधिकार गावाकडेच असावा, अशी माझी विनंती आहे.

स्पेनमध्ये ही व्यवस्था कायद्यानेच केलेली आहे. तेथे वर्षाला जास्तीत जास्त १४ पगारी सुट्ट्या असतात आणि त्यांपैकी २ स्थानिक असतात. या दोन तारखा नगरपालिका ठराव करून सुचवते आणि प्रादेशिक सरकार त्या जाहीर करते. अटलांटिक महासागरातील कॅनरी बेटांवर तर यापुढे जाऊन प्रत्येक मोठ्या बेटाला आपापल्या देवीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, सणाची सुट्टी मिळते: तेनेरिफेला २ फेब्रुवारीला, ग्रान कनारियाला ८ सप्टेंबरला आणि एल हिएरो या लहानशा बेटाला २४ सप्टेंबरला. एका बेटावर सण चालू असताना शेजारच्या बेटावर कचेऱ्या उघड्या असतात आणि त्यात कोणालाही गैर वाटत नाही.

एल हिएरोची लोकसंख्या जेमतेम ११ हजारांच्या आसपास आहे. १७४१ मध्ये तेथे भीषण दुष्काळ पडला, तेव्हा लोकांनी पश्चिमेकडील माळावरच्या देवळातून देवीची मूर्ती गावात आणली. पाऊस पडला आणि दर चार वर्षांनी तिला वाजतगाजत आणण्याचा नवस बोलला गेला. १७४५ पासून तो फेडला जात आहे. डोंगरातून वाल्वेर्दे या मुख्य शहरापर्यंतची ती दिवसभराची वाट आहे. पुढे पांढऱ्या पोशाखातील नर्तक बासरी, ढोल आणि मोठ्या लाकडी चिपळ्यांच्या तालावर नाचत असतात. मला त्यातील सर्वांत मोलाची वाटते ती गावांच्या सीमांवरची रीत: ठरलेल्या सीमेवर पोहोचताच एका गावचे नर्तक थांबतात आणि देवीसमोर नाचण्याचा मान पुढच्या गावाकडे जातो. डिचोली-सत्तरीत शिगम्यातील रोमटे (ढोलताशांच्या मिरवणुका) आणि घोडेमोडणी (लाकडी घोड्यांचा नाच) पाहत वाढलेल्या माणसाला सीमेचा आणि मानाचा हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आपल्याकडे मात्र वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावात श्री लईराईची जत्रा असते, तेव्हा व्रत पाळून अग्निदिव्यासाठी सज्ज झालेल्या धोंडांपैकी (देवीच्या व्रतस्थ भक्तांपैकी) औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्याला रजा मागावी लागते. माशेलच्या चिखलकाल्याची (चिखलात खेळण्याच्या उत्सवाची) किंवा कुंभारजुव्याच्या सांगोडाची (सजवलेल्या होड्यांच्या उत्सवाची) गोष्टही वेगळी नाही. ज्यांच्या घरी पाहुणे यायचे, ज्यांच्या अंगणातून पालखी जायची, तेच त्या दिवशी कामावर असतात.

यासाठी सुट्ट्यांची एकूण संख्या वाढवण्याची गरज नाही, हे मी आग्रहाने सांगू इच्छितो. सध्याच्या यादीतील दोन दिवस स्थानिक म्हणून राखून ठेवावेत. म्हापशाच्या नगरपालिकेला त्यांपैकी एक मिलाग्रीस सायबिणीच्या (तेथील चर्चमधील मेरीमातेच्या) फेस्ताला आणि दुसरा देव बोडगेश्वराच्या जत्रेला देता येईल. लईराई आणि मिलाग्रीस या बहिणी मानल्या जातात, त्यामुळे अशा वाटणीत कोणाच्या भावना दुखावण्याचे कारण नाही. खेड्यांत हा निर्णय ग्रामसभेने घ्यावा आणि आदल्या वर्षीच तो सरकारला कळवावा, म्हणजे शाळांना परीक्षांचे वेळापत्रक आणि उद्योगांना पाळ्या वेळेवर ठरवता येतील. एका गावात राहून दुसऱ्या गावात कामाला जाणाऱ्यांचा प्रश्न निघेल. स्पेनमध्ये कामाचे ठिकाण जेथे असेल तेथील सुट्टी लागू होते. आपल्याकडे अशा कामगाराला आपल्या गावची तारीख बदलून घेण्याची मुभा द्यावी, असे मला वाटते, कारण गोव्यातील बहुतेक माणसे कुठेही नोकरी करत असली, तरी जत्रेला आपल्याच गावी जातात.

आपला विश्वासू,
एक वाचक, डिचोली