चोरलच्या हिरव्या नाकतोड्यांना नाव मिळू द्या

मा. वनमंत्री, मध्य प्रदेश शासन, यांस
सादर नमस्कार.

मी इंदूरच्या रामबागेत राहतो. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालो, पण भाद्रपदातल्या रात्री इंदूरजवळच्या चोरलच्या रानात जायची सवय सुटली नाही. तिथल्या पानासारख्या पंखांच्या, अंगापेक्षा लांब मिशांच्या हिरव्या नाकतोड्यांसाठी हे पत्र आहे. इंग्रजीत त्यांना केटीडिड म्हणतात. आपण त्यांना टोळांत नाहीतर रातकिड्यांत ढकलून मोकळे होतो.

नुसत्या रंगरूपावरून यांची जात ओळखणं फार अवघड. नर पंखावर पंख घासून गातो. त्याच्या डाव्या पंखाखाली कानशीसारखी दातेरी शीर असते. तिचे दाते मोजावे लागतात, पोटाच्या टोकाची आकड्यांसारखी उपांगं भिंगाखाली पाहावी लागतात. शिवाय गाणं हवंच, आणि कित्येकांचं गाणं २० किलोहर्ट्झच्या वर, आपल्या कानांना न ऐकू येणारं. फॅनेरॉप्टेरिनी या उपकुलात तर बऱ्याच जातींच्या माद्याही नराला बारीक टिकटिक करून उत्तर देतात! दक्षिण भारतात मेकोपोडा वंशातले दिसायला सारखेच नाकतोडे पाच निरनिराळ्या पद्धतींनी गाताना आढळले. सुकल्यावर हिरवा रंगही उडतो. म्हणून नमुना आणि त्याच किड्याचं ध्वनिमुद्रण, दोन्ही एकत्र जपायला हवं.

ते जपायला इंदुरात जागा नाही, हे माझं दुखणं आहे. एका संस्थेत आम्ही ठेवलेल्या पेट्या बुरशीने आणि भुंगेऱ्यांनी खाल्ल्या. टाचण्या आणि चिठ्ठ्या तेवढ्या उरल्या. भारतातल्या अनेक जातींचे मूळ नमुने, म्हणजे ज्यांवरून त्या जातीला नाव दिलं गेलं ते किडे, लंडन-व्हिएन्नाच्या संग्रहालयांत आहेत. ताडून पाहायला इथे निदान आपले तरी नमुने हवेत ना?

जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी जात सापडली तर तिचा नमुना अधिकृत भांडारात द्यावा लागतो. पण ती नवी आहे हे आधी ठरवायचं कुठे बसून? इंदुरात ओल न लागणारी एक खोली, कपाटं, सूक्ष्मदर्शक आणि कीटक हाताळता येणारा एक पूर्णवेळ माणूस द्या. नमुने घेण्याची परवानगी आषाढाआधी हाती पडावी, कारण दिवाळीनंतर हे रान जवळजवळ मुकं होतं.

चौदा पावसाळ्यांची ध्वनिमुद्रणं माझ्याकडे आहेत, तारीख-ठिकाणासह. खोली झाली की ती सगळी विनामूल्य देईन, आणि मुलांना दाते मोजायला शिकवायला रोज येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक, इंदूर