पाय धुणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं उघड पत्र. त्या दिवशी तुम्ही माझ्या आईसमोर फरशीवर मांडी घालून बसलात, तिचा सुजलेला उजवा पाय टबात घेतलात आणि साबण लावून बोटांच्या बेचक्यांपर्यंत धुतलात. नाकाला रुमाल नाही, तोंड वाकडं नाही. बारा वर्षांत घरच्यांशिवाय त्या पायाला कोणी हात लावला नव्हता. आई सारखी खिडकीबाहेर बघत होती. ती रडत होती हे मला बसमध्ये कळलं.

आधीच्या एका डॉक्टरांनी वर्षभर वाताची इंजेक्शनं टोचली. दुसऱ्यांनी टेबलापलीकडूनच ‘हत्तीपाय आहे, आता काय होणार’ म्हणत कागद सरकवला. खुर्चीतून उठायला काय पैसे पडतात? आमच्या चंद्रपूरकडे हा रोग काही नवा नाही, तरी पंगतीत आईशेजारची जागा रिकामी राहायची. शिवल्याने हा होत नाही, एवढंसुद्धा कोणी सांगितलं नाही.

तुम्ही पाय पुसता पुसता सांगितलंत. घाण पाण्यातला क्युलेक्स डास पुन्हापुन्हा चावून हे जंत अंगात येतात, सहा-आठ वर्षं जगतात. त्यांची पिल्लं रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून रक्तही रात्रीच घ्यायचं. आणि मी मेली, रात्री दहाला दार वाजवणाऱ्या आरोग्य सेवकांना कामचुकार म्हणत होते! थंडी वाजून येणारा ताप बोटांमधल्या भेगांतून शिरणाऱ्या जंतूंचा, म्हणून रोज धुणं, कोरडं करणं, पाय उंचावर ठेवणं. सूज पूर्ण जाणार नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. आईला ते आवडलं.

खरं सांगायचं तर चूक आमचीही आहे. हत्तीपाय रोखायच्या सरकारी मोहिमेतल्या गोळ्या, डीईसी आणि अल्बेंडाझोल, दरवर्षी घरी यायच्या. आशाताई म्हणायच्या, माझ्यासमोर खा. आम्ही ‘जेवल्यावर घेतो’ म्हणून देवळीत ठेवायचो.

आता सहा महिन्यांत ताप एकदाच आला. संडासाच्या टाकीच्या पाइपाला जाळी बांधली. संध्याकाळी नातू टब आणतो, आई त्याला बेचक्या नीट पूस म्हणून ओरडते, अगदी तुमच्या सुरात.

तिने तुमच्यासाठी लोणच्याची बरणी दिली आहे. नाव माहीत नाही, म्हणून चिठ्ठीवर ‘पाय धुणाऱ्या ताई’ एवढंच लिहिलंय.