नागरिकत्वाची मुलाखत : प्रश्न पाठ असतात, अडतं ते अर्जावर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, आई-वडील ग्रीन कार्डावर, आणि वर्षातले पाच-सहा महिने मुक्काम पुण्या-नाशकात, अशी घरं आपल्या वाचकांत आता भरपूर आहेत. पाच वर्षं होत आली की घरात अमेरिकन नागरिकत्वाचा विषय निघतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ फिरू लागते : ‘शंभर प्रश्न पाठ करा, झालं काम.’ आम्ही काही जण न्यू जर्सीत अशा अर्जदारांची मुलाखतीची तयारी करून घेतो. प्रश्नोत्तरांत नापास होणारे आमच्या पाहण्यात थोडे. स्वतःच्याच अर्जातल्या उत्तरांवर अडकणारे बरेच. म्हणून हे पत्र.

आधी त्या शंभर प्रश्नांचं. ती यादी २००८ सालची. २० ऑक्टोबर २०२५ रोजी किंवा त्यानंतर ज्यांनी एन-४०० हा अर्ज दाखल केला, त्यांना नवी परीक्षा लागू आहे. यादी १२८ प्रश्नांची, त्यातले जास्तीत जास्त २० विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. १२ बरोबर झाले किंवा ९ चुकले की ऑफिसर तिथेच थांबतो. त्याआधी अर्ज केलेल्यांना जुनीच पद्धत : १०० ची यादी, १० प्रश्न, ६ बरोबर. कोणती परीक्षा, हे अर्ज दाखल केल्याच्या तारखेवर ठरतं, मुलाखतीच्या नाही. जुन्या पुस्तकातल्या लांब नद्या आणि किनाऱ्यावरचे महासागर नव्या यादीतून गेले. घटना आणि इतिहासावरचे प्रश्न वाढले. राष्ट्राध्यक्ष, सभापती, गव्हर्नर, आपल्या राज्याचे सिनेटर या उत्तरांना मात्र पाठांतर पुरत नाही. मुलाखतीच्या दिवशी त्या पदावर जो असेल त्याचंच नाव चालतं. टेक्ससमधल्या मुलाकडून न्यू जर्सीतल्या मुलीकडे राहायला आलेल्या आजोबांनी टेक्ससचा गव्हर्नर सांगितला तर उत्तर चूकच. (पत्ता बदलला की दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला कळवायचं असतं, हेही त्या गडबडीत राहून जातं.)

सवलतींबद्दल फार मोठा गैरसमज आहे. ‘पासष्टीच्या पुढच्यांना मराठीत परीक्षा देता येते’ हे अर्धवट खरं आहे. वय ५० आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं, असा हिशेब बसला तर इंग्रजी माफ होतं आणि नागरिकशास्त्राचे प्रश्न दुभाष्यामार्फत मराठीत देता येतात. वय ६५ आणि ग्रीन कार्डावर २० वर्षं असतील तर खूण केलेल्या २० प्रश्नांचीच यादी. त्यातले १० विचारतात, ६ बरोबर लागतात. वयाबरोबर ग्रीन कार्डाची वर्षंही भरावी लागतात, हे नेमकं कोणी सांगत नाही. निवृत्तीनंतर मुलाने बोलावलं म्हणून गेलेल्या, ग्रीन कार्डाला सहा वर्षं झालेल्या सत्तरीच्या आजींना यातली एकही सवलत मिळत नाही. त्यांना इंग्रजी वाचावं, लिहावं, बोलावं लागतंच. स्मृतिभ्रंश किंवा तसाच आजार असेल तर डॉक्टरने भरलेला एन-६४८ हा फॉर्म असतो. त्यात कोणत्या आजारामुळे शिकणं किंवा लक्षात ठेवणं कसं अशक्य झालं, हे डॉक्टरला नीट लिहावं लागतं. नुसतं ‘वय झालं’ किंवा ‘शाळा झाली नाही’ हे कारण धरत नाहीत. दुभाष्या आपणच न्यायचा, आणि शक्यतो घरातला नको. ऑफिसर त्याला नाकारू शकतो.

इंग्रजीचा बाऊ मात्र नको. तीन वाक्यांपैकी एक नीट वाचायचं, तीनपैकी एक ऐकून लिहायचं. वाक्यं अगदी साधी, पहिला राष्ट्राध्यक्ष कोण या धर्तीची, आणि त्यातले शब्द आधीच जाहीर केलेले आहेत. उच्चार मराठी वळणाचा असला तरी चालतो, स्पेलिंगची बारीक चूकही अर्थ बिघडत नसेल तर सोडतात. शब्द गाळला किंवा शब्दाऐवजी लघुरूप लिहिलं तर मात्र अडतं. बऱ्याच कार्यालयांत लिहायचं असतं टॅब्लेटच्या काचेवर, लेखणीने. आयुष्यभर कागदावर लिहिलेला हात तिथे घसरतो, म्हणून घरी नातवंडाच्या टॅब्लेटवर आठवडाभर गिरवून घ्यावं.

बोलण्याची परीक्षा वेगळी नसते. ती असते तुमच्या अर्जावर. सुरुवातीला खरं बोलण्याची शपथ देतात, मग ऑफिसर एन-४०० उघडतो आणि पानापानावरून जातो. आपली मंडळी गडबडतात ती इथे. एक तर आपण मान हलवतो. ती हो आहे की नाही, हे समोरच्याला कळत नाही. तोंडाने ‘येस’ किंवा ‘नो’ म्हणायला हवं. दुसरं, ‘कधी तरी असं केलं आहे का’ या प्रश्नांची लांबच लांब माळ असते आणि त्यांचं उत्तर बहुतेकांच्या बाबतीत ‘नाही’ येतं. शेवटी येतात नागरिक होताना घ्यायच्या निष्ठेच्या शपथेचे प्रश्न : घटनेला पाठिंबा द्याल का, कायद्याने सांगितलं तर शस्त्र हाती घ्याल का, शपथ पूर्ण समजली का. इथे उत्तर ‘हो’ असतं. ‘नो, नो, नो’च्या लयीत असलेला माणूस शपथ घेण्यालाही ‘नो’ म्हणून मोकळा होतो. ऑफिसर मग विचारतो, ही शपथ म्हणजे काय ते सांगा. व्याख्या घोकून पोपटासारखी म्हणण्यापेक्षा ‘अमेरिकेशी एकनिष्ठ राहण्याचं वचन’ एवढं आपल्या शब्दांत सांगता आलं तर पुरतं. प्रश्न कळला नाही तर पुन्हा, सोप्या शब्दांत विचारायला सांगावं. तसं सांगितल्याने गुण जात नाहीत, अंदाजाने दिलेल्या उत्तराने मात्र नुकसान होतं.

महाराष्ट्रातून गेलेल्यांसाठी काही प्रश्न खास अवघड आहेत. लष्करी किंवा शस्त्रांचं प्रशिक्षण घेतलंय का, असं अर्ज विचारतो. कॉलेजात एनसीसीत रायफल चालवलेल्यांना हे आठवतच नाही. पोलीस, राज्य राखीव दल, होमगार्ड, तुरुंग खातं यांत नोकरी केलेल्यांनीही ती लिहायची आहे. यात गैर काही नाही, एक-दोन ओळींत खुलासा दिला की पुरतं. पण अर्जात ‘नाही’ आणि बोलताना ‘हो’ झालं की ऑफिसर थांबून खोदून विचारतो. कम्युनिस्ट पक्षाशी संबंध होता का, हाही प्रश्न आहे. गिरणी संपाच्या काळात लाल बावट्याखाली काम केलेल्यांनी तो वकिलाला दाखवूनच भरावा.

मतदार नोंदणीचा प्रश्न सर्वांत घातक. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर ‘मतदार म्हणून नोंदवायचं का’ असं विचारतात आणि सवयीने ‘येस’ जातं. नागरिक नसताना अमेरिकेत मतदार म्हणून नाव लावणं किंवा मत देणं यात नागरिकत्वच नव्हे, ग्रीन कार्डही जाऊ शकतं. अशी शंका असेल तर अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे जावं, एजंटाकडे नाही. वाहतुकीच्या दंडाचं तेवढं भय नको. पाचशे डॉलरच्या आतला आणि दारू किंवा ड्रग्जशी संबंध नसलेला दंड असेल तर त्याची कागदपत्रं सहसा मागत नाहीत. पण विचारलं तर सांगायचंच. खटला पुसला गेला, वकील म्हणाला ‘रेकॉर्ड साफ’, तरी अटक झाली होती ही गोष्ट लपवायची नाही. बोटांचे ठसे आधीच घेतलेले असतात.

आता भारताच्या फेऱ्या. अर्जासाठी दोन वेगवेगळ्या अटी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. पाच वर्षांत निम्मे, म्हणजे किमान ९१३ दिवस प्रत्यक्ष अमेरिकेत हवेत (नागरिक जोडीदारामुळे तीन वर्षांत अर्ज करणाऱ्यांना १८ महिने). आणि त्याखेरीज वास्तव्यात खंड नको. एक सलग फेरी सहा महिन्यांच्या वर गेली की खंड पडला असं गृहीत धरतात. घर, कुटुंब, नोकरी, कर अमेरिकेत चालू होते याचे कागद दाखवून ते खोडावं लागतं. वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात तर खंड पडलाच. मग परतल्यापासून किमान ४ वर्षं १ दिवस थांबायचं, आणि निर्धोक हवं असेल तर साडेचार वर्षं. रीएंट्री परमिट (लांबच्या मुक्कामाआधी घेतलेला परतीचा परवाना) ग्रीन कार्ड सांभाळतं, नागरिकत्वाचा हा खंड भरून काढत नाही.

हिशेब करून पाहा. ५ नोव्हेंबरला निघाले, ३० एप्रिलला परतले. जाण्याचा आणि येण्याचा दिवस अमेरिकेतलाच धरतात, म्हणून साध्या वर्षात बाहेरचे १७५ दिवस. दरवर्षी असं पाच वर्षं केलं तर, मधल्या लीप वर्षाचा एक दिवस धरून, ८७६. पाच वर्षांचे १८२६ दिवस धरले तर अमेरिकेत उरले ९५०. अटीपेक्षा जेमतेम ३७ जास्त. मध्येच भाच्याच्या लग्नाला दीड महिना जाऊन आलात की गणित फसलं. शिवाय दरवर्षी सहा महिन्यांना चार-पाच दिवस कमी असा नमुना दिसला की ऑफिसर विचारतोच, तुमचं खरं घर कुठलं?

फेऱ्यांची यादी लिहिताना तारखा घात करतात. अमेरिकेत महिना आधी, दिवस नंतर. आपण ५ नोव्हेंबर म्हणून ०५/११ लिहिलं तर ती झाली ११ मे. ३०/०४ ला ऑनलाइन अर्ज हरकत घेतो, पण ०५/११ ला घेत नाही, त्यामुळे फेरी एका टोकाला चुकते आणि अर्ज तसाच जातो. पासपोर्टचे शिक्के आणि आय-९४ (अमेरिकेत येण्या-जाण्याची सरकारी नोंद) च्या संकेतस्थळावरचा प्रवास-इतिहास समोर ठेवूनच यादी करावी. अर्ज दिल्यानंतर केलेली फेरी, मिळालेला दंड, बदललेला पत्ता मुलाखतीत आपणहून सांगावा. ऑफिसर दुरुस्ती करून शेवटी सही घेतो. दुरुस्ती करणं हा दोष नाही.

नावांचंही तसंच. लग्नात नाव-आडनाव दोन्ही बदललेल्या आपल्या बायकांची शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरी ओळख असते. ‘इतर नावं’ या रकान्यात माहेरचं पूर्ण नाव लिहायला विसरू नये. भारतीय पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला चिकटतं आणि ग्रीन कार्डावर ते तसंच उतरतं. ते सुटं करायचं तर अर्जातच नाव बदलाची विनंती करता येते, पण मग शपथविधी न्यायालयात होतो आणि वेळ जास्त लागू शकतो.

करांबाबत एवढंच : ग्रीन कार्डधारकाला जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं. पुण्याच्या बँकेतली पेन्शन, ठेवींचं व्याज, फ्लॅटचं भाडं, सगळं. ‘अनिवासी’ म्हणून विवरणपत्र भरलं असेल तर आपण कायमचे रहिवासी नाही असं स्वतःच लिहून दिल्यासारखं होतं. ऑगस्ट २०२५ च्या मार्गदर्शनानंतर चारित्र्य तपासताना नियमित कर, कुटुंबाची जबाबदारी, समाजातला सहभाग यांचाही विचार होतो, म्हणून ते कागद जवळ असलेले बरे.

मुलाखतीनंतर हातात निकालाचा एन-६५२ हा कागद देतात. इंग्रजी किंवा नागरिकशास्त्रात कमी पडलात तर ६० ते ९० दिवसांत फक्त तेवढ्याच भागाची पुन्हा परीक्षा, त्याच शुल्कात (ऑनलाइन ७१० डॉलर, कागदी अर्जाला ७६०). दुसऱ्यांदा चुकलात तर नकार. नकारावर ३० दिवसांत एन-३३६ ने दाद मागता येते. मुलाखतीला न कळवता गैरहजर राहिलात तर फाइल बंद होते. ती वर्षाच्या आत मागणी करून उघडता येते.

शपथेच्या दिवशी ग्रीन कार्ड परत घेतात आणि प्रमाणपत्र देतात. खुर्चीतून उठण्याआधी त्यावरचं नाव आणि जन्मतारीख वाचावी. त्याच क्षणी भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातील कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. जुन्या भारतीय पासपोर्टवर पुढचा प्रवास करता येत नाही, आणि अमेरिकन पासपोर्ट, भारतीय पासपोर्टचं सरेंडर प्रमाणपत्र, मग ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) किंवा व्हिसा यात दिवस जातात. म्हणून शपथेची तारीख कळण्याआधी दिवाळीची तिकिटं काढू नयेत. ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आलेली ठेवता येते. आणि गावाकडच्या मतदार यादीतलं नाव ७ नंबरचा फॉर्म भरून काढून टाकावं लागतं; निवडणुकीच्या दिवशी सुट्टीवर आलेले असलात तरी आता तिथे मत देता येणार नाही.

आपले,
नागरिकत्व अर्जदारांना मदत करणारे काही स्वयंसेवक,
एडिसन, न्यू जर्सी